बाळंतिणीच्या खोलीतला उत्प्रेरक

कामरगाव,
ता. १२ जानेवारी १९७५

चिरंजीव जानराव यास,

तुझ्या मोठ्या बहिणीचा सप्रेम जयभीम. मी ठीक आहे, गुडघे आपल्या मर्जीने चालतात. तुझी भाची गंगू माझ्याकडे सुखरूप बाळंत झाली. मुलगी आहे, आवाज आपल्या घरचा. मुंबईत तुझा खोकला कसा आहे ते कळव.

तंबाखूच्या डबीतून कारखान्याच्या वापरलेल्या गोळ्या पाठवल्यास, पोचल्या. सोबतची चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली (किराण्याच्या पुड्यांवरून वाचायला शिकलेल्या बाईला तेवढं लागतंच). खतासाठी हायड्रोजन काढताना त्यात कार्बन मोनॉक्साईड येतो. तो वाफेसोबत तापलेल्या गोळ्यांवरून नेला की त्याचा डायऑक्साईड होतो, आणि गोळ्या जशाच्या तशा राहतात, म्हणून त्या उत्प्रेरक. इथवर समजलं. पुढे तू लिहिलंस की बंद खोलीतल्या शेगडीतूनही हाच वायू निघतो, त्याला वास नसतो, माणूस गुंगीत झोपून जातो. कापसाच्या जिनिंगच्या चौकीत, दार लावून शेगडीपाशी झोपलेले तुझे भाऊजी गेले तेव्हापासून मला वाटायचं, त्यांनी हाक मारली असेल आणि कोणी ऐकली नसेल. आता तसं वाटत नाही. याचे आभार कसे मानू, मला माहीत नाही.

तर इकडे आमच्या विहीणबाई, कस्तुराबाई, मेडशीहून एस.टी.ने कोळशाचं पोतं घेऊन उतरल्या. बाळंतिणीला शेक हवा म्हणून बाजेखाली शेगडी ठेवली आणि खिडकीत गोणपाट कोंबलं. मला ती चौकी आठवली. पण गंगूला जन्म त्यांच्या घरी काढायचा, मी काय बोलणार? मी गोळ्या पुरणाच्या चाळणीत घालून शेगडीवर धरल्या, वाफेसाठी शेजारी पातेलं उकळत ठेवलं (तुझा कारखानाच मांडला म्हण). विहीणबाईंना वाटलं औषध आहे. एक गोळी त्यांनी दाताखाली धरून पाहिली, थुंकली, आणि कडू आहे म्हणजे गुणाची असणार म्हणाल्या. थोड्या वेळाने माझं डोकं ठणकायला लागलं. गंगूला विचारलं, तिचंही. तुझा उत्प्रेरक चाळणीत नुसता बसून होता. मी गोणपाट ओढलं.

"बाळंतिणीले हवा लागली त जलमभर हाडं दुखतीन. खिडकी काहून उघडता?" विहीणबाई आडव्या आल्या.

मी म्हटलं, "हे कारखान्याचं औषध हाय, विहीणबाई. याले ताजी हवा लागते, नाही त मरते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गोळ्यांकडे.

"मंग पह्यलेच सांगा नं," म्हणाल्या आणि दारही त्यांनीच उघडलं. तेव्हापासून डबी खिडकीत आहे. माय-लेकी छान आहेत. नामकरणाला ये.

तुझी बहीण,
भागिरथा

ता. क. : अजून एक डबी गोळ्या पाठव. वापरलेल्याच चालतील, चांगल्या वाया घालवू नको.

ता. क. दुसरा : गोळ्या मला नकोत, विहीणबाईंना हव्यात. धाकट्या सुनेला सातवा महिना आहे. काल निघताना हळूच म्हणाल्या, "त्या गोळ्या काई करत नाहीत, हे मले त्याच दिवशी समजलं. पन माझी सासू अजून जित्ती हाय, तिले खिडकी उघडायले काई त कारन पाहिजे."