हिश्श्याला आलेली बहीण

केर्नी, द्राक्षतोडीचा तिसरा दिवस

ती. सौ. फिलिन्नाताईस, मेलित्ताचा सा. न. वि. वि.

ताई, तुझ्या सासरची जहाजं कालपासून आमच्या किनाऱ्याला लागली आहेत. त्यात भावोजीही आहेत, असं म्हातारा कोळी ग्रिपोन सांगतो. लग्नात आपल्या अंगणातल्या बदकांना घाबरून ओट्यावर चढलेले लाम्पोनभावोजी आता आमचा तट पाडणार! हसू येतं आणि लगेच मी उठून दाराचा अडसर पुन्हा बघते.

शेजारचं गाव पडलं तेव्हा पुरुष मारले आणि बायका वाटून घेतल्या. शिरस्त्राणात खापरं टाकून सोडत काढतात म्हणे. आई म्हणते, देवीच्या वेदीला मिठी मारून बस. तिथूनही ओढून नेतात, हे तिलाही ठाऊक आहे. मला फार भीती वाटते गं. भावोजींकडे माझ्यासाठी शब्द टाक.

लोभ आहेच, तो वेळेत पोचू दे.

तुझी मेलित्ता

पेलाइना, सहावा दिवस

चि. मेलित्तास अ. उ. आ.

ग्रिपोन छावणीलाही मासे विकतो, त्याच्याकरवी यांना निरोप धाडला. आमच्या फौजेत कुणाला सोडून द्यायची रीत नाही, पण मिळालेला हिस्सा आपसात बदलता येतो. हे तुला मागून घेतील. मग तू माझ्या घरी येशील, दासी म्हणून. लिहितानाही मेली लाज वाटते. पण जेवशील माझ्याच ताटात.

यांनी तुला पाहिलं तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. ओळखणार कशी? म्हणून माझी लग्नातली केशरी शाल पाठवते. ती पांघरूनच राहा. रडू नकोस म्हणणार नाही, कारण मीच रडते आहे.

जीव सांभाळ, लोभ मागाहून वाढवू.

तुझी ताई

छावणी, अकरावा दिवस

ती. ताईस सा. न.

गाव पडलं. बाबा आणि दादा गेले. आई कुठे आहे माहीत नाही.

सोडतीआधी सेनापती स्वतःची निवड करतो, हे तुला ठाऊक नव्हतं का? बाकी सगळ्या राखेने माखलेल्या, केशरी शालीत मी एकटी. मोठ्या घरची वाटले त्याला, त्याने मलाच निवडलं. मी भावोजींना हाक मारली. ते आपल्या वहाणांकडे बघत राहिले.

त्यांच्या हिश्श्याला काशाची तीन पायांची कढई आली आहे. सेनापतीला ती हवी आहे, मी ऐकलं. ती देऊन मला मागून घ्यायला सांग. परवा जहाज सुटेल. तुझ्यावर राग नाही, पण लवकर कर.

मेलित्ता

पेलाइना, द्राक्षं संपली

चि. मेलित्तास अ. उ. आ.

हे घरी आले. कढईही आली. कढई देण्याचा माझा निरोप मिळाला होता म्हणाले, पण बाईसाठी अशी कढई देतं कोण, लोक हसले असते.

काल मेजवानीत गवयाने लढाई गायली. यांच्या दोन्ही घोड्यांची नावं घेतली, कढई कोणी घडवली तेही सांगितलं. बायकांबद्दल एवढंच, की पुष्कळ मिळाल्या. मी पडद्याआडून म्हटलं, त्यातली एक मेलित्ता. यांनी मला मागावर जाऊन बसायला सांगितलं आणि गवयाने पुढच्या वीराचा घोडा गायला घेतला.

उन्हाळ्यात आमच्यावरही जहाजं येणार म्हणतात. माझी दोरिस सात वर्षांची होईल. तिला मी आतापासूनच फाटके कपडे घालते.

दासीचं नाव बदलतात म्हणे. सेनापतीच्या दारात मेलित्ता म्हणून हाक मारली तर कुणी ओ देईल का, असं हे पत्र नेणारा ग्रिपोन विचारतो. मी म्हटलं, देईल. देशील ना गं?

तुझी ताई