स्तंभनमंत्राचा निकाल

केज, १२ जानेवारी २०२६

ती. परमेश्वरदादास,
अंजूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण भांडतो आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहिते. तू मास्तर होऊन शिरूरला गेलास आणि फाशांचा खेळ माझ्या हवाली केलास, त्याला दीड वर्ष झालं. दर रविवारी सायलीच्या गिरणीमागच्या खोलीत बसतो. मी गोष्ट सांगते, शत्रूही मीच खेळवते. सायली, सिदू आणि तेजश्री आपापली पात्रं चालवतात.

तू लिहिलेला स्तंभनमंत्र मला आवरायचा आहे. सिदूचा जादूगार तो म्हणतो आणि दिसतील तेवढे शत्रू जागीच थिजतात. फासा टाकणं नाही, शत्रूला सुटायची सोय नाही. पूर्वी तो क्वचित वापरायचा, आता प्रत्येक लढाईत. तेजश्रीची तलवारवाली थिजलेल्यांवर वार करून कंटाळली. दोन रविवार ती आलीच नाही. जीप मिळाली नाही म्हणते. जीपा चालू होत्या.

मंत्र वाजवीपेक्षा भारी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आईच्या गुडघ्याला आराम आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी अंजू


शिरूर कासार, १७ जानेवारी

चि. अंजूस,
अ. उ. आ.

पत्र वाचून हसू आलं, थोडा रागही. मंत्र दिवसातून एकदाच चालतो, हे विसरलीस. जादूगार दोन वारांत मरणारा गडी, त्याला एवढा आधार हवाच. शत्रू एका जागी गोळा करशील तर थिजणारच, पांगवून ठेव. खेळ मी बसवलाय, मंत्र राहील. तेजश्रीच्या घरी लग्नाचं चाललं असेल, उगाच मंत्राला बोल लावू नकोस.

आईच्या गुडघ्याला तेल लावत जा.
तुझा दादा


केज, २६ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मत बाजूला ठेवलं आणि करून पाहिलं. दरीतली लढाई, तेच आठ दरोडेखोर, सहा वेळा खेळले. तीनदा मंत्र धरून, तीनदा सोडून. दरोडेखोर आईच्या हाती दिले, आपली पात्रं मी घेतली. मंत्राशिवाय दोनदा मी जिंकले, एकदा आईनं मला लोळवलं. मंत्र असताना तिन्ही वेळा आईला एकदाही फासा टाकायला मिळाला नाही. ती म्हणाली, मग मला कशापायी बसवलं? पांगवूनही पाहिलं, दिसला की थिजतोच. आणि दिवसातून एकदा म्हणशील, तर एक लढाई संपली की सिदू लगेच मुक्काम मागतो. खेळात सकाळ झाली की मंत्र परत हाती.

तेजश्रीकडे जाऊन आले. म्हणाली, मी आले काय अन् न्हाई आले काय, लढाई सारखीच हाय. तिच्या घरी लग्नाचा विषयही नाही. ते वाक्य मागे घे.

माझा निकाल असा: मंत्र एकाच शत्रूवर चालेल, आणि त्याला सुटायला फासा मिळेल. काल तसंच खेळलो. सिदू तासभर फुगून होता. शेवटी म्हणाला, लई दिवसांनी भीती वाटली.

राग धरू नकोस.
अंजू


शिरूर कासार, ३१ जानेवारी

चि. अंजूस,
अ. उ. आ.

तेजश्रीबद्दलचं मागे घेतो. मंत्राचंही खरं सांगतो. तो मी तोलून लिहिलाच नव्हता. तू बारावीत असताना खेळात तुझी धनुर्धारी मेली, तेव्हा तू दोन दिवस नीट जेवली नाहीस. आईनं मला फैलावर घेतलं. पुढच्याच रविवारी सिदूला मंत्र दिला, म्हणजे कुणी मरायला नको. तुला आता तसल्या आडोशाची गरज नाही, हे मला इथं बसून दिसलं नाही.

निकाल मान्य. आठ तारखेला येतो, खेळाडू म्हणून बसेन. भाऊ म्हणून सवलत देऊ नकोस.
दादा


केज, ९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नीट पोचलास ना? काल पहिल्याच तासात तू मेलास, तेव्हा तुझं तोंड पाहवेना म्हणून सायली पाणी आणायला उठली. तू माझ्याकडे पाहिलंस, तेही कळलं. मी मुद्दाम फाशाकडे बघत राहिले. पण तू मेल्यावर तेजश्रीनं चार फेऱ्या एकटीनं खिंड धरली आणि तुझं प्रेत खाली आणलं, हे तू स्वतः बसून पाहिलंस. असं आमच्याकडे वर्षभरात घडलं नव्हतं.

सकाळीच तिचा फोन आला, दादा पुन्हा कधी येणार म्हणून. बावीस तारीख सांगितली आहे. नवं पात्र लिहून आण. या खेपेला चिलखत घाल.

तुझीच,
अंजू