बेबीनंदाला काय काय येतं

औरंगाबाद,
१२ जून १९७४

ती. स्व. साहेबरावदादा व कौसल्यावहिनीस,
प्रभावतीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुम्ही हसनाबादला सुखरूप पोचला असाल. एसटीत बेबीनंदाला उलटीचा त्रास झाला नाही ना? तिला इथं दवाखान्यात दाखवलंत त्या दिवशी मी ड्यूटीवर, त्यामुळे डॉक्टरसाहेबांशी बोलता आलं नाही. काल वॉर्डात त्यांना गाठलं. दादा, तुमच्यापासून लपवून काय करू? हा आजार फार दुर्मीळ आहे. इतक्या वर्षांत त्यांनी असं एकच पोर पाहिलं होतं. हातापायांचा तोल हळूहळू जातो. औषध नाही. निदान शाळेतल्या तिच्या गुरुजींना सांगा, की पोरगी कामचुकार नाही, तिचा हातच तिचं ऐकत नाही.

डॉक्टर म्हणाले, टेबलावर बसवून मला तिच्या नसा कळतात, तिचा दिवस कळत नाही. घरात ती उठते कशी, जेवते कशी, फ्रॉक घालते का, तांब्यानं पाणी पिते का, हे दर रविवारी पाहून लिहायचं. शेरे तीनच: आपलं आपण, आधारानं, जमत नाही. काय जाणार ते आधी कळलं तर सोय लावता येते. वहिनी, तुम्ही मात्र त्या दिवशी हात लावायचा नाही. हे तुम्हाला जड जाईल, मला ठाऊक आहे.

बेबीला गोड पापा. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
प्रभा

हसनाबाद,
२१ जुलै १९७४

चि. प्रभावतीस,
साहेबरावाचा जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

शाळेत पोरांच्या पाट्या-वह्या रोज तपासतो, पण पोटच्या पोरीसमोर पेन घेऊन बसणं निराळंच. कौसल्याचे हात काही स्वस्थ राहीनात. शेवटी तिला शेजारी नंदाबाईकडे पाठवलं. बेबीला फ्रॉक घालायला इतका वेळ लागला की चुलीवरचं वरण आटून गेलं. घातला तो उलटा, पण घातला. मी लिहिलं, आपलं आपण. तांब्या दोन्ही हातांनी उचलला. निम्मं पाणी पोटात, निम्मं अंगावर. भाकरी मात्र मोडेना. ताटातल्या ताटात पळायला लागली, तेव्हा बेबी खुदकन हसली. मला हसू आलं नाही. वेणी जमत नाही.

नंतर विचारते, बाबा, किती मार्क पडले? म्हटलं, यात पास-नापास नसतं. तर म्हणे, मंग तुमचं तोंड नापास झाल्यावानी कामून झालं?

कौसल्या तुझ्यावर रागावली आहे. पोरीला पडताना बघत बसा, हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय, असं प्रभाबाईंना इचारा म्हणते. विचारलं. आता तूच उत्तर दे.

जिवाला जप, पत्र टाकत जा.

तुझा,
दादा

औरंगाबाद,
४ ऑगस्ट १९७४

ती. स्व. दादा व वहिनीस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

वहिनी, रागवा, पण ऐका. तांब्याऐवजी तोटीची छोटी झारी द्या. भाकरी कुस्करून द्या. खाटेपासून दारापर्यंत धरायला दोर बांधा. हे सगळं त्या रविवारच्या पाहण्यातूनच डॉक्टरांना सुचलं. आणि दादा, पाढे चुकले की माझ्याकडे बघायचात तसं तोंड करून पोरीसमोर बसू नका!

एक गोष्ट राहिली. आपण आपल्याला हवं तेच तपासतो. तिचं तिला काय करावंसं वाटतं, ते तिलाच विचारा.

सगळ्यांना आठवण सांगा. ओढ आहेच.

प्रभा

हसनाबाद,
२९ डिसेंबर १९७४

प्रभाबाईस,
कौसल्याचा जयभीम.

तुमचे दादा शाळेच्या कामानं भोकरदनला गेल्ते, अजून आले न्हाई, म्हणून मीच लिहून राह्यले. अक्षर वाकडं हाय, समजून घ्या.

तुम्ही म्हणल्या तसं बेबीला इचारलं. म्हणली, मला माझी मी न्हायचं हाय, कुणी पाहू नये. दहावं लागलंय, लाज आली आता तिला. न्हाणीला पडदा लावला. मी बाहेर बसायची. आत तांब्या पडला की उठायची अन् परत बसायची. पाठीला साबण तसाच राह्यचा, पण भिंत धरून बाहेर आली की पोरीचं तोंड काय दिसायचं, काय सांगू! तुमच्यावरचा माझा राग तिथंच गेला.

दिवाळीच्या पुढंही बराबर चाललं. गेल्या रविवारी मात्र आतून आवाजच येईना. मला वाटलं, अंग पुसून राह्यली. थंडी तर मरणाची. बऱ्याच वेळानं पडदा सारला तर पोरगी वल्ल्या फरशीवर पडलेली, व्हट निळे. मी वरडले, हाक कामून न्हाई मारली? तर म्हणे, तू आली असती तर बाबांनी आधारानं लिहिलं असतं.

ताप उतरना. छाती घरघर करती. इथल्या डॉक्टरनं सुई दिली. तुम्ही जल्दी या.

तुमची,
कौसल्या

हसनाबाद,
२३ फेब्रुवारी १९७५

चि. प्रभावतीस,
जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

तू रजा काढून उशाशी बसलीस, म्हणून पोरगी हाती लागली. पण जाताना ताप तिचे पाय घेऊन गेला. उभं राहणं जमत नाही. हात झारीपर्यंत जातो, उचलत नाही. मी ते सगळे शेऱ्यांचे कागद चुलीत घालणार होतो. कौसल्यानं घालू दिले नाहीत. म्हणाली, आता पुढं काय जाणार ते डॉक्टरला इचारा, मी तयारीला लागते.

आंघोळीचं मात्र अवघड झालं होतं. बेबी आईलाही हात लावू देईना, नुसती रडायची. शेवटी दोघींनी आपसात ठरवलं. कौसल्या डोळ्यांवर फडकं बांधून तिला न्हाऊ घालते. बेबी सांगते, इथं साबण, आता पाठ, डोक्यावर हळू. चुकलं तर रागावते. याला कोणता शेरा द्यायचा, मला कळलं नाही. ती जागा मी कोरी ठेवली आहे.

अलीकडे तिचे शब्दही जड व्हायला लागलेत. पडद्याबाहेर मला ते कळत नाहीत. कौसल्या फडकं सोडत नाही. हातातला तांब्या तसाच धरून, कान तिच्या तोंडाशी नेऊन, पोरगी पुन्हा म्हणेपर्यंत थांबते. पाणी गार होतं, तरी थांबते.

सवड मिळेल तशी ये. बेबी वाट पाहते.

तुझा,
दादा