बाळंतपणाचा हीटपंप

अंबड, बुधवार

ती. द्वारकाअक्काला दैवशालाचा पाया पडून नमस्कार. आम्ही इकडं बरे हावोत. तुझे गुडघे कसे हायेत? (दुखतच असतील. सविस्तर लिहू नको, माझे बी दुखतात.)

संध्याचं पहिलं बाळंतपण पुढच्या महिन्यात, अन् ते माहेरीच व्हायला पाहिजे. पण तिची सासू, जालन्याची पुष्पाबाई, मला म्हणली, "विहीणबाई, तुमच्याकडं पाणी चुलीवर तापतं, घरभर धूर. मी पोरीला पाठवत नसते." माझं डोकंच फिरलं. त्याच दिवशी दुकान गाठलं. गीझर लाईट खातो, आपल्या पत्र्यावर सोलर बसत न्हाई, मंग दुकानदारानं हीटपंप दाखवला. म्हणे हे हवेतली गरमी ओढून पाण्यात टाकतं, म्हणून लाईट कमी लागते. मी म्हणलं, गरमी अंबडात लई हाय, न्या किती न्यायची ते. रोज किती बादल्या लागतात, असं त्यानं विचारलं. मी ध्यान दिलं न्हाई. माठ घेतो तशा सगळ्या टाक्या बोटानं वाजवून पाहिल्या अन् जी खणखणीत वाजली ती घेतली. (दोनशे लिटरची निघाली. घरात माणसं दोन.)

बसवणारा सांगून गेल्ता, मोकळ्या हवेत ठेवा, झाकू नका, पन्नास डिग्रीवर लावा, भर दुपारी चालवा. ह्यातलं मी एक बी ऐकलं न्हाई. बाळंतिणीचं पाणी तापवणाऱ्याला वारं लागून चालंल का? न्हाणीशेजारच्या खोलीत त्याला कोंडलं, खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या, वरून गोधडी घातली, ओव्याची धुरी बी दिली. पहाटे सत्तरवर लावलं. दोन तासानं पाणी कोमट अन् खोली अशी गार की माझे दात वाजून राह्यले. आमचे हे म्हणले, "बर्फाचा कारखाना काढला का?" त्यांना गप बसवलं अन् बसवणाऱ्याला फोनवर झाडलं. तो आला, गोधडी उचलली, म्हणला, "मावशी, हे मशीन काय बाळंत झालंय का? खोलीतली गरमी त्यानं कवाच ओढून संपवली. आता आणंल कुठून?" त्यानं खिडक्या उघडल्या. मशीनीतून निघणारं गार वारं नळीनं गल्लीत सोडत होता, तर मीच म्हणलं, फुकटचं वारं लोकांना कशाला, आमच्या मधल्या खोलीत सोड. (इथं माझं चुकलं.)

रविवारी दुपारी पुष्पाबाई पाणी तपासायला आल्ती. बादलीत बोट घातलं अन् "अगं आई" करून बाहेर काढलं. मी जिंकले. मंग चहाला मधल्या खोलीत बसली. बाहेर बेचाळीस डिग्री, आत हे वारं. चहा गार झाला तरी उठंना. संध्याकाळी पोराला फोन करून कपड्याची बॅग मागवली. म्हणे, "संध्याला पुढच्या सोमवारी पाठवते, पण सोबतीला मी बी राह्यते."

पाणी तापलं की मशीन बंद पडतं अन् वारं बी बंद होतं. हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं. आता मशीन परत सुरू व्हावं म्हणून ती टाकी रिकामी करत बसती. दिवसातून चारदा कढत पाण्यानं अंघोळ, वर गोधड्या धुती. काल धुतलेल्या आज परत धुतल्या. संध्यासाठी ना पाणी उरलं, ना खोली. जिथं तिची बाज टाकायची तिथं सासू पसरलीय, अन् ओल्या बाळंतिणीला मी त्या वाऱ्यात निजवू काय?

तुझी दैवशाला

ता. क. फोन केला असता, पण रेंज मधल्या खोलीतच येती, अन् ती तिथं डोळे मिटून कान उघडे ठेवती. म्हणून चौथीपर्यंतची शाळा कामाला लावली.

ता. क. दुसरा. तिला भोकरदनला तुझ्याकडं बोलाव, सोमवारच्या आत. तुझ्याकडं कूलर हाय म्हणून सांगून पाहिलं. म्हणली, "कूलरनं अंग चिकट होतं." तवा तू बी हेच मशीन घे. जल्दी.

ता. क. तिसरा. दोनशेची घेऊ नको. पाचशेची घे. तिला रिकामी करायला वेळ लागंल, तवर इकडं संध्याचं बाळंतपण उरकंल.