बुडख्यांवरचा रंग

प्रिय वाळवी,

कॉलेजातल्या या नावाने आता तुला कोणी हाक मारत नसेल. साहेब झालास. पण लाकूड दिसलं की कुरतडून वास घेणारा मुलगा माझ्यासाठी साहेब होऊ शकत नाही, तेव्हा हेच चालवून घे. गेल्या आठवड्यात, तोडणी नियमाने होते याचं प्रमाणपत्र देणाऱ्या समितीकडून, तुझ्या कंपनीचं जंगल तपासून आले. तू नेमका बाहेरगावी होतास म्हणे. तुझ्या मॅनेजरने मात्र फार सरबराई केली, दर वळणावर चहा. आमची तोडणी जंगलाला झेपेल अशीच असते, हे त्याने इतक्यांदा सांगितलं की मला संशयच यायला लागला.

कागदावर तुमची पद्धत देखणी आहे. सरसकट तोड नाही, निवडून तोड. बी देणारी मोठी झाडं राखायची, ओढ्याकाठी हात लावायचा नाही. माझ्या खोलीतल्या डुगडुगत्या टेबलावर ही पद्धत आपण दोघांनीच बसवली होती ना? तू तिच्यावर फक्त तुझं नाव घातलंस. आणि वरच्या उतारावरची सरसकट तोड थांबवा असं मी म्हटलं, तेव्हा कंपनीच्या भर बैठकीत म्हणालास, मॅडम झाडं मोजत नाहीत, मिठ्या मारतात. सगळे खो-खो हसले. माझी नोकरी गेली, तुला कंपनीने उचललं, आणि आपल्या लग्नाचं तू पुन्हा नावही काढलं नाहीस. राग गिळायला सांगणारे खूप भेटले. मी तो गिळला नाही, नीट जपून ठेवला.

तर या वेळी मोजलं. तोडायच्या झाडाला आधी अगदी बुडाशी रंगाची खूण करायची, म्हणजे झाड गेलं तरी बुडख्यावर ती राहते, हे तुला काय सांगायचं! तुझ्या झाडून सगळ्या बुडख्यांवर खूण होती. मॅनेजर खुशीत. मी गुडघे टेकून नखाने खरवडून पाहिलं. खूण आधीची असेल तर कापल्यावर गळलेली राळ तिच्यावर येते. तुझ्याकडे राळ खाली आणि रंग वर. म्हणजे आधी मनाला येईल ते तोडलं, मग कोणीतरी रंगाचा डबा घेऊन फिरलं. ओढ्याकाठीसुद्धा. खरं सांगू? मला आनंद झाला. तिथेच चिखलात बसून मी मोठ्याने हसले, आणि मॅनेजरच्या हातातला चहा सांडला.

अहवाल आज सकाळी गेला. प्रमाणपत्र मिळणार नाही, आणि त्याशिवाय मोठी गिऱ्हाइकं तुझ्या दारात उभी राहणार नाहीत. पण हे तुला समितीनेही कळवलं असतं. मी लिहितेय ते वेगळ्याच कारणासाठी. नेमणूक होताच आपली जुनी ओळख मी समितीच्या कानावर घातली होती, दुसऱ्या कोणाला पाठवा म्हटलं होतं. त्यांनी तुला विचारलं, आणि तू हरकत नाही म्हणालास. तुला वाटलं, हिचा अजून आपल्यावर जीव आहे, ही सांभाळून घेईल. तर ऐक. जीव आहे. तुझ्या ऑफिसातल्या भिंतीवर तुझा फोटो दिसला, तेव्हा मॅनेजर काय बोलत होता ते मला ऐकूच आलं नाही. आणि त्यानंतर मी तुला नापास केलं.

तुझीच,
तूच पसंत केलेली परीक्षक