नळाजवळचा तेरडा

माझा तेरडा गवत समजून उपटलास, तो उपटलास. वर हिरामण मला फोनवर सांगतो, आजी, दारात नुसता फुललाय! काल आपल्या गावचा मंगळू भाजी विकून येताना तुमच्याकडं पाणी प्यायला थांबला. म्हणतो, वाफा असा साफ, की वर जेवायला बसावं. माझ्या नातवाला खोटंसुद्धा धड बोलता येत नाही.

प्रिय साक्षी, आता आशीर्वाद घे. मी तिसरीपर्यंतच शिकले, अक्षर लावून वाच. तुला पेरायला दिलेलं ते बी मी कसं गोळा केलं, ठाऊक आहे? तेरड्याची शेंग पिकली की हात लागताच फुटते आणि बी चार हात लांब उडतं. म्हणून उतारावर बसून एकेका शेंगेला चिंधी बांधली. पुतळाबाईला वेड लागलं, असं गोजराबाई गावभर सांगत सुटली. तिचं सोड, तिला तिची सून चहा विचारत नाही.

मंगळू म्हणाला, तेरड्याचं विचारल्यावर तू रडलीस. म्हणून आषाढापासून इकडं फिरकली नाहीस होय? मी काय वाघीण आहे? बरं, आहे थोडी. पण एक सांगते, हिरामणला बोलू नकोस. माझ्या माहेरी डोंगरावर नुसती नागली, भात कुठं पाहिलेला? नवी नवरी आले, सासूनं निंदायला पाठवलं. मी दिवसभर वाकून भात उपटला आणि गवत राखलं! सासू दिवाळीपर्यंत बोलली नाही. एका घरात राहून न बोलणं कसं असतं, ते मी भोगलंय. तुला तसं करणार नाही. मी बोलणार, आणि लय बोलणार.

आता पत्र कशासाठी, ते ऐक. तुमच्या नळाजवळ, जिथं पाणी सांडतं आणि दिवसभर ऊन असतं, तिथं एक रोप वाचलंय म्हणे, कळ्या धरलेलं. तेरड्याला तेवढंच लागतं. आपल्या घरात गौर म्हणजे तेरडाच, तोही मुळासकट; मुळं म्हणजे तिची पावलं. पन्नास वर्षं उतारावरून मीच आणली. यंदा गुडघा चढू देत नाही. गौर तू आणायचीस, त्याच रोपाची. माती खुरप्यानं सैल कर, मुळं ओल्या फडक्यात गुंडाळ, एसटीत मांडीवर घेऊन बस. पाय मोडलेली गौर मी उंबऱ्याच्या आत घेणार नाही. उपटायचा सराव तर तुला आहेच.

तुझीच आजेसासू,
पुतळाबाई

उत्तर तुझ्या हातचं पाहिजे. हिरामणचा फोन मी उचलणार नाही.