रक्तात शिसं सापडलं

४ ऑगस्ट
न्हाई हो डॉक्टर, तंबाखू न्हाई, मिश्री न्हाई, पुडी-बिडी तर मुळीच न्हाई. एवढंच बोलले मी. तर म्हणतात, मावशी, रक्तात शिसं लई निघालंय. त्यानं बीपी चढतं, हृदयाच्या नळ्या कडक होतात. म्हटलं, मग भंगारवाला उचलून न्हेईल की मला. सूनबाई हसली न्हाई. सोनाली खराडीत कंप्युटरवर असते, तिला हसायलाबी सुट्टी टाकावी लागते.

६ ऑगस्ट
घरात झडती. सोनालीचा डोळा माझ्या पितळी पातेल्यांवर. "आई, बाबापण हार्टनेच गेले. ह्याच भांड्यांतलं जेवून." मला तिच्या त्या लुकलुकणाऱ्या फिल्टरचा संशय. विजय मधे. बायकोची बाजू घ्यावी तर आई, आईची घ्यावी तर बायको. शेवटी तिसराच धरला. बाबू कल्हईवाला कथलात शिसं मिसळत असणार.
मी पातेली फळीवर लावत बसले.

९ ऑगस्ट
विजयनं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, बाबूकडून कल्हई करू नका. आज वॉचमननं त्याला गेटवरच अडवला. खाली गेले. "ताई, तुमच्या डोळ्यांदेखत कल्हई लावतो मी. तुम्हीच सांगा त्यांना." मान डोलवली.
वर येऊन काय सांगितलं? तर आमटीत मीठ कमी हाय.

१० ऑगस्ट
गुडघ्याची पुडी. आता लिहितेच. मांजरी गावच्या बाजारातला वैदू देतो, भस्म म्हणून. रोज दुधातून. गुडघे असे पळत्यात, म्हणून घरात बोलले न्हाई, सोनाली फेकून देणार. आज गेले, विचारलं, ह्यात काय हाय रे? म्हणाला, सगळा झाडपाला, आजी. झाडपाला आन् चिमटीला एवढा जड? मेल्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं तोंड फिरवलं.

१२ ऑगस्ट
रात्रभर बाबूचं तोंड दिसत होतं. सकाळी पुडी विजयच्या हातात ठेवली. चिडला न्हाई, त्याचंच वाईट वाटलं. ग्रुपवर माफी लिहिली, बाबूला फोन केला. पुडी तपासायला दिलीय. आठ दिवस लागतील.
दारात चपला घालता घालता विचारलं, "आई, बाबा घ्यायचे का हे?"
न्हाई म्हटलं.
ह्यांचेबी गुडघे दुखायचे. पण वैदूचं नाव काढलं की शिव्या. म्हणून चहात मीच टाकायची. दीड वरीस. ह्यांना ठावंच नव्हतं.
गेले त्या सकाळीबी टाकली होती.